माझ्या पानानं कोणाला सांगितलं

मला पहिली फिट आली तेव्हा मी नववीत होते. आमच्या पानवेलीच्या मळ्यात, आईबरोबर पानं खुडताना. शुद्धीवर आले तेव्हा आई माझ्या चेहऱ्यावर पदर धरून बसली होती. वाटेवरून जाणाऱ्या कोणाला माझं तोंड दिसू नये म्हणून तिनं तो धरला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या आजाराला नाव नव्हतं. "ती आली होती का?" एवढंच विचारलं जायचं. वसईत डॉक्टर होते, पण आई मला आगगाडीनं दादरला न्यायची, कारण वसईच्या दवाखान्यात आपल्या चर्चमधलं कोणीतरी बाकावर बसलेलं असणारच.

साखरपुड्याआधी मी होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं. रविवारच्या मिस्सानंतर, चर्चच्या आवारात. त्यानं विचार करायला आठ दिवस मागितले. आठव्या दिवशी आला आणि फिट आली तर नक्की काय करायचं असतं, एवढंच त्यानं विचारलं. मी सांगितलं, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. त्यानं ते माझ्यासमोर पुन्हा म्हणून दाखवलं. सासूबाईंना मात्र आम्ही दुसऱ्या बाळंतपणानंतर सांगितलं. त्या रडल्या नाहीत की रागावल्या नाहीत, फक्त महिनाभर माझ्याशी जपून बोलत होत्या.

हे सगळं मी लिहायला लागले ते चाळिशीच्या आसपास. विरारच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. एक मुलगी रोज वाचनालयात येऊन एकाच कपाटासमोर उभी राहायची, ते शरीरशास्त्राच्या पुस्तकांचं. एकदा तिनं दबक्या आवाजात विचारलं, मराठीत अपस्मारावर काही आहे का. शोधलं तर एक जुनी पुस्तिका सापडली, पारिभाषिक शब्दांनी भरलेली. मी तिला काहीच देऊ शकले नाही. त्या आठवड्यात मी इंटरनेटवर एक साधी जागा घेतली आणि नाव न देता पहिलं पान लिहिलं.

मग लिहीतच गेले. गोळी चुकली तर काय करायचं. पाळीच्या दिवसांत फिट का वाढते. दिवस गेले तर गोळी स्वतःच्या मनानं का बंद करायची नाही. दादरचे माझे डॉक्टर आता म्हातारे झालेत, ते प्रत्येक पान तपासून द्यायचे. सगळ्यात जास्त वाचलं जायचं ते 'सासरी कसं सांगायचं' हे पान. त्यात मी माझीच गोष्ट लिहिली होती आणि शेवटी एक ओळ: कधी सांगायचं, कोणाला सांगायचं, हे तुम्ही ठरवा, दुसऱ्या कोणी नाही. ती ओळ मला फार आवडायची. बायका ई-मेलनं येणाऱ्या पत्रांतून तीच ओळ मला परत लिहून पाठवायच्या.

जाहिराती मी दुसऱ्या वर्षी लावल्या. जागेचं भाडं होतंच, आणि मला पानं वाचून रेकॉर्ड करून हवी होती, कारण कितीतरी बायकांना वाचन जड जातं. आमच्या गावात एक निवृत्त नर्स राहतात, भरदार आणि शांत आवाजाच्या. त्या दुपारी स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून, पंखा बंद करून पानं वाचायच्या. त्यांना मी दर पानामागे मानधन द्यायचे. ते त्या नाही म्हणता म्हणता घ्यायच्या आणि त्यातून स्वतःसाठी काहीतरी आणायच्या. एकदा चष्म्याची नवी फ्रेम दाखवायला मुद्दाम आल्या होत्या. म्हणाल्या, पेन्शन घरात जाते, हे माझं आहे.

त्या जाहिराती लावायला कोडच्या चार ओळी पुरल्या. जाहिरात कंपनीनं त्या पाठवल्या, मी त्या पानाच्या आत चिकटवल्या. काय लिहिलंय ते वाचलं नाही. वाचलं असतं तरी कळलं नसतं. पण विचारलं असतं तर कोणीतरी सांगितलं असतं, हे मी आता स्वतःला सांगते.

तीन वर्षं सगळं नीट चाललं. मग एका डिसेंबरात एक पत्र आलं. खाली नाव नव्हतं. लिहिलं होतं की मी तुमची पानं लग्नाआधीपासून वाचते, आता वाचणार नाही, कारण तुमच्या पानामुळे माझ्या सासरी कळलं. तुमची चूक आहे असं म्हणत नाही, पण कसं झालं ते मला समजत नाही, तुम्हाला समजत असेल तर सांगा.

मी तीनदा वाचलं. आधी वाटलं, काहीतरी गैरसमज आहे. उत्तर लिहिलं, भेटू का विचारलं. दोन आठवड्यांनी होकार आला. ती माहेरी होती, चांदीपला. घरी येऊ नका म्हणाली, भाऊ असतो. शाळेमागच्या बांधावर थांबते.

मी रविवारी मिस्सा चुकवून गेले. विरारहून पूर्वेला रिक्षा केली. भातं निघून गेली होती आणि शेतांत वाल उभा होता. बांधावर पंचविशीची एक मुलगी हातात विळा घेऊन थांबली होती, म्हणजे कोणी पाहिलं तर कामाला आली आहे असंच वाटावं. माझा चेहरा तिनं कधी पाहिलेला नव्हता, पण मी जवळ गेले तशी ती म्हणाली, "ताई, तुम्ही तुमच्या लिहिन्यासारख्याच चालता. हळू."

मग तिनं सगळं सांगितलं. तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. सासर विरारला, बिल्डिंगमध्ये, घरात सासू, नवरा आणि दीर. गोळ्या ती पावडरच्या डब्यात ठेवायची. लग्नानंतर एकदाही फिट आली नव्हती. माझं ते पान ती पुन्हा पुन्हा वाचायची आणि ठरवत होती, की पहिलं मूल पोटात राहायच्या आधी नवऱ्याला सांगायचं. तारीखसुद्धा धरली होती. त्याच्या वाढदिवसानंतरचा रविवार.

घरात एक टॅबलेट होता, सासू त्यावर पाककृती आणि भजनं बघायची. त्यावर अचानक फिटच्या जाहिराती यायला लागल्या. आधी एका मोठ्या इस्पितळाची, मग औषधं घरपोच करणाऱ्या दुकानाची, त्यात गोळीचं नावच होतं. सासूनं पहिल्यांदा हसत विचारलं, आपल्याकडे कोणाला मिरगी आहे का, हा सारखा तेच दाखवतोय. दीर ऐकत होता. तो म्हणाला, घरात कोणीतरी शोधल्याशिवाय असं येत नाही, सगळ्यांचं वायफाय एकच आहे. मग त्यानं गंमत म्हणून सगळ्यांचे मोबाइल बघायला घेतले. आईचा, भावाचा, आपला स्वतःचा. तिनंही आपला दिला. त्यात काहीच नव्हतं.

वालाची एक शेंग तोडून तिनं हातात धरली.

"मी रोज पुसायची, ताई. वाचून झालं की सगळं पुसून टाकायची. बाकी तिघांच्या मोबाइलमध्ये काय काय होतं, क्रिकेट, साड्या, नोकऱ्या. माझा एकदम कोरा. दीर म्हनाला, वहिनी, तुमचाच एवढा साफ कसा?"

तिनं तेव्हाच सांगून टाकलं. ठरवलेल्या रविवारी नाही, नवऱ्याला एकट्याला नाही. सगळ्यांसमोर, टॅबलेट मध्ये ठेवून. कोणी ओरडलं नाही. नवरा म्हणाला, आजाराचं काही नाही, तू लपवलंस त्याचं आहे. चार दिवस माहेरी जा, आम्ही विचार करतो. त्या चार दिवसांना आता दोन महिने झाले होते.

मग तिनं मला ते विचारलं, जे विचारायला तिनं बोलावलं होतं.

"तुम्हाला म्हाईत होतं काय, की तुमचं पान दुसऱ्यांना सांगतं?"

मी नाही म्हटलं. ते खरं होतं, आणि तरी सांगताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं. तिनं मान हलवली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं ओंजळभर वालाच्या शेंगा तोडून माझ्या पिशवीत घातल्या आणि भाऊ यायच्या आत निघा म्हणाली.

सोमवारी मी कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. ते पान माझं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, एका ओळखीच्या बाईचं आहे. त्यांनी त्यांच्या संगणकावर एक वेगळा ब्राउझर उघडला. पाळत ठेवणाऱ्यांना तो अडवतो आणि कोणाकोणाला अडवलं ते दाखवतो, असं त्यांनी समजावलं. मी पत्ता सांगितला. 'सासरी कसं सांगायचं' उघडलं. वर कोपऱ्यात एक आकडा दिसायला लागला. माझं पहिलं वाक्य डोळ्यांसमोर येईपर्यंत तो नऊ झाला होता. मग पंधरा, एकोणीस. सव्वीसवर थांबला. बाईंनी त्याच्यावर बोट ठेवलं तशी यादी उघडली. सव्वीस नावं, त्यातलं एकही मी ऐकलेलं नव्हतं.

मी म्हटलं, तिनं तर एकाच कंपनीच्या चार ओळी लावल्यात. बाई म्हणाल्या, तिनं एकाला घरात घेतलं, त्यानं बाकीच्यांना बोलावलं. कोण काय वाचतंय, कुठल्या वायफायवरून, हे सगळे टिपतात आणि एकमेकांना विकतात. मग त्याच घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरही तेच दिसतं. मोबाइलमधलं पुसून काय होणार, बाहेर लिहून ठेवलेलं पुसता येत नाही. चांदीपच्या मुलीच्या सासरी नेमकं असंच झालं का, हे त्यांना विचारून उपयोग नव्हता. ती दुसरीकडेही काही शोधत असेल. खात्रीनं कोणीच सांगू शकत नाही. या अनिश्चिततेचा आधार घ्यायचा मी काही दिवस प्रयत्न केला. जमलं नाही. कारण मी ज्या ओळीवर खूश होते, कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा, तिच्या खालीच ते सव्वीस जण बसले होते.

मी त्या दिवशी घरी येऊन चारही ओळी काढल्या. किती जण आले ते मोजणारा आकडाही काढला. नवरा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, आता नर्सबाईंचं काय?

मी त्यांच्याकडे गेले, घडलेलं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, फुकट वाचते मी, त्यात काय. मी म्हटलं, नको, काहीतरी सोय करते. त्या म्हणाल्या, म्हणजे तोपर्यंत नको. हो म्हणण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. त्यांनी रेकॉर्डिंगचा छोटा माइक रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. मी ठेवा म्हटलं, तर म्हणाल्या, घरात पडून राहील, पोरं मोडतील. दारापर्यंत आल्या नाहीत.

सोय करायला मी निघाले आणि तिथे मला नव्या गोष्टी कळत गेल्या. त्याच ब्राउझरमध्ये एक पद्धत होती. वाचणाऱ्यानं ठरवलं तर तो ब्राउझरच्याच जाहिराती बघतो, त्या कोणाला काही कळवत नाहीत. त्याबद्दल त्याला एक प्रकारची डिजिटल नाणी मिळतात आणि ती तो आवडत्या लेखकाला देऊ शकतो. लेखकाला देणाऱ्याचं नाव कळत नाही. मला हे फार पटलं. आमच्या चर्चमध्ये दानाची थैली फिरते, खोल, मखमली. मूठ आत जाते आणि बाहेर येते. कोणी काय टाकलं, टाकलं की नाही, शेजारच्यालाही दिसत नाही. मला तसंच हवं होतं.

पण घेणाऱ्याला नाव द्यावं लागत होतं. ओळखपत्र, पत्ता, चेहऱ्याचा फोटो. आणि त्या नाण्यांचे रुपये करायला आणखी एका कंपनीत तेच सगळं पुन्हा. मी दोन्हीकडे भरलं. मग पानावर एक निवेदन लिहिलं: पूर्वी इथे जाहिराती होत्या, त्यांनी तुमची माहिती बाहेर नेली असण्याची शक्यता आहे, मी ते तपासलं नाही, ही माझी चूक. चांदीपच्या मुलीला आधी फोन करून विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का. ती म्हणाली, लिहा, पण गाव बदला आणि मी रडले असं लिहू नका, कारण मी रडले नव्हते. खाली मी त्या ब्राउझरबद्दल सांगितलं, तो मोबाइलमध्ये कसा घ्यायचा, कशी मदत करायची.

उत्तरं आली. काही रागाची होती, ती मी अपेक्षिली होती. एका बाईनं लिहिलं, तीन वर्षं मी तुमच्याकडे विश्वासानं येत होते, आता माझ्या घरात कोणाला कळलंय आणि कोणाला नाही हे मी कसं ओळखू? त्या पत्राचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. चार वेळा लिहायला घेतलं.

पण ज्यांनी मला गप्प केलं ती पत्रं वेगळीच होती. एकीनं लिहिलं, मी नवा ब्राउझर घेऊ शकत नाही, मोबाइल मिस्टरांनी दिलाय, त्यावर नवं चित्र दिसलं तर ते विचारतील हे काय टाकलंस. दुसरीनं लिहिलं, क्यूआर कोड लावा, मी थोडे पाठवीन. तो लावायच्या आत तिचं दुसरं पत्र आलं. नको, बँकेचा मेसेज ह्यांच्या मोबाइलवर जातो. मी पैसे देऊ शकत नाही, पण वाचू तरी शकते ना?

मी तिला हो, वाच, असं ताबडतोब लिहिलं. लपून वाचणाऱ्यांसाठी जी जी सोय निघाली होती, ती वापरायलासुद्धा थोडं उजेडात यावं लागत होतं. आणि मी स्वतः इतकी वर्षं नावाशिवाय लिहून त्यांना धीर देत होते.

शेवटी मी क्यूआर कोड लावला. पैसे पाठवताना समोरच्याचं नाव दिसतं, म्हणून माझं खरं नाव आता सगळ्यांना दिसणार होतं. ते आधी मीच पानाच्या वर लिहिलं. नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, आईला आपण सांगितलं तेव्हाचा महिना आठवतोय ना, आता तो सगळ्या गावाचा असेल. माझ्या आईला मी फोन केला. ती आता पंचाहत्तर वर्षांची आहे. आमच्या घरच्या बोलीत ती एवढंच म्हणाली की मी तुला इतकं झाकलं ते चुकलं असेल, पण मला दुसरं काही येत नव्हतं.

गावात कळायला पंधरा दिवस लागले. चर्चमध्ये दोन-तीन बायका माझ्या शेजारी बसताना माझ्याकडे निरखून बघायच्या, जणू मी आत्ताच खाली पडणार आहे. आगाशीच्या बाजारात केळी घेताना मागून एक ओळखीची बाई आली आणि केळ्यांकडेच बघत तिनं विचारलं, दादरचा डॉक्टर अजून बसतो का. मी वेळ सांगितली. ती केळी न घेताच गेली.

पैसे येतात, पण ज्यांना लपायची गरज नाही त्यांच्याकडून. कोल्हापूरकडचा एक बाप दर महिन्याला काही पाठवतो, त्याची मुलगी लहान आहे. नाण्यांतून जवळजवळ काहीच येत नाही. महिन्याला एक पान रेकॉर्ड होईल एवढं जमतं. नर्सबाईंना मी माइक परत नेऊन दिला. त्या वाचतात, पण पूर्वीसारख्या वाचून झाल्यावर चहा करत नाहीत. एकदा म्हणाल्या, चूक तुझी नव्हती हे मला कळतं, पण माझंही काम गेलं होतं ना.

चांदीपची मुलगी मधूनमधून फोन करायची. नवरा दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्यानं डॉक्टरची फाईल मागितली आणि मोबाइलवर प्रत्येक कागदाचा फोटो काढून नेला. उन्हाळ्यात तिच्या माहेरी दोन्हीकडची मोठी माणसं बोलणी करायला बसायची ठरली. मी म्हटलं, मी येते, कसं घडलं ते समजावते, लपवणं म्हणजे फसवणं नव्हे हे सांगते.

"नका येऊ, ताई," ती म्हणाली. "तुम्ही आलात तर म्हनतील, गावोगावी सगळ्यांना म्हाईत होतं, फक्त आम्हालाच नव्हतं."

मी गेले नाही. तो दिवस मी वाचनालयात काढला. परीक्षा संपल्या होत्या, परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते आणि मोबाइल टेबलावर उलटा ठेवला होता. चारनंतर वाजला.

ती म्हणाली, मोडलं. दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्यायचा ठरला, दागिने परत देतायत. नवरा शेवटी तिच्याजवळ येऊन म्हणाला होता, तू आधी सांगितलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. खरंच म्हटलं असतं का, तिनं मला विचारलं. मला माहीत नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं. मागे माणसांचे आवाज येत होते, भांडी वाजत होती. कोणीतरी अजून बसलेलं होतं.

मी विचारलं, दुपारची गोळी घेतलीस का. ती म्हणाली, सकाळपासून काही खाल्लंसुद्धा नाही. मी म्हटलं, आधी खा, मग लगेच घे, मी थांबते. तिनं मोबाइल खाली ठेवला असावा. बराच वेळ ताटाचा आवाज आला. मग तिच्या आवाजात, सगळ्या माणसांमधून, ऐकू आलं, "आई, पानी दे. गोळी घ्यायचीय."